लाल टाक्याची गाडी

माझ्या साडूला सगळा बाजार ‘दाभण’ म्हणायचा. दाभण म्हणजे पोती शिवायची जाडजूड सुई. तो होताही तसाच. उंच, किडकिडीत, वाकणं ठाऊक नाही आणि टोचल्याशिवाय बोलणं नाही. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. पण ठेवणारा मला कधी भेटला असता तर त्याला मी माझ्या खर्चानं चहा पाजला असता, इतकं ते चपखल होतं.

दाभणाचा धंदा गाड्यांच्या सीट शिवायचा. पत्र्याची लांबलचक शेड आणि पुढे मोकळं अंगण. सहलीच्या मोठमोठ्या गाड्या फाटक्या-फुटक्या सीटा घेऊन तिथं यायच्या आणि नव्या नवरीसारख्या नटून जायच्या. शेडमध्ये पाय ठेवला की रेक्झीनचा आणि डिंकाचा वास नाकात बसायचा तो घरी जेवताना सुद्धा जायचा नाही. कोपऱ्यात लोखंडी सांगाडे, फोमचे ढीग आणि मधोमध हा, तोंडात दोऱ्याचं टोक धरून. तोंडात दोरा असला की तो बोलत नसे, म्हणून गिऱ्हाइकं त्याच वेळी घासाघीस करून घ्यायची. तो नुसती मान हलवायचा. मान आडवी हलली की गिऱ्हाईक म्हणायचं, “बरं, राहू दे मग तुमचंच.”

सीट बसवून झाल्या की तो प्रत्येक सीटवर स्वतः बसायचा. डोळे मिटायचा. एकदा मी विचारलं, “काय रे, झोप काढतोस?”

“गप. पाठ काय म्हणते ते ऐकतोय.”

पाठीनं होकार दिला की खालच्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लाल दोऱ्याचा एकच टाका घालायचा. ती त्याची सही. मी म्हटलं, “कुणी बघत नाही तिथं सही कशाला?” तर म्हणाला, “मी बघतो ना.” घ्या!

गंमत बघा, आयुष्यभर हा माणूस सहलीच्या गाड्यांत बसला, पण त्यातली एकही गाडी तो बसलेला असताना हलली नाही. गाड्या त्यानं पाहिल्या त्या उभ्या. गाडी इथून सुटल्यावर कुठल्या रस्त्यानं जाते, डावीकडे वळते की उजवीकडे, हा प्रश्न त्याच्या धंद्यात कधी आलाच नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं.

त्याला एक मुलगी. आई, म्हणजे माझी मेहुणी, पोर लहान असतानाच गेली. मग ती शेडमध्येच वाढली. फोमच्या ढिगावर झोपायची आणि काथ्याच्या गुंड्यांशी खेळायची. पुढे बापाला सुईत दोरा ओवून देता देता स्वतः शिवायला लागली. सीटचा कोपरा वळवणं हे ह्या धंद्यातलं अवघड काम. तिथं रेक्झीनला चुणी पडते. पोरीच्या हातून पडत नसे. दाभण तोंडावर कधी म्हणाला नाही, पण माझ्याजवळ म्हणायचा, “साडू, कोपऱ्यात ती माझ्या पुढे गेली बघ.” आणि हे सांगताना चेहरा असा, जणू कुणी त्याचं काही चोरून नेलंय.

ती खरोखरच गेली. एका सहलीच्या गाडीचा ड्रायव्हर सीट न्यायला यायचा. एक खेप झाली, दुसरी झाली. पुढं पुढं धडधाकट सीटासुद्धा दुरुस्तीला यायला लागल्या. सगळ्या बाजाराला कळलं, फक्त दाभणाला नाही. कळलं तेव्हा शेडमध्ये मी होतो, माझी बायको होती.

“ड्रायव्हर?” दाभण म्हणाला. “अगं, त्याला घर कसलं? त्याला थांबे असतात! आज इथं चहा, उद्या तिथं.”

“मला चालतं,” पोरगी म्हणाली.

“तुला चालेल. मला नाही चालणार. लिहून ठेव, तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही. ठेवला तर ह्याच दाभणानं माझे डोळे शिवून टाक.”

पोरगी कुणाची? दाभणाचीच. रडली नाही. म्हणाली, “तुमच्या सीटवर बसलेली माणसं निदान कुठंतरी पोचतात, बाबा. तुम्ही कुठंच पोचणार नाही.”

आणि गेली. पार समुद्राकाठी, एका बंदराच्या गावी. जावयानं सहलीची गाडी सोडली आणि मासळीचे ट्रक चालवायला लागला. ती मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात लागली. एक मुलगी झाली. हे सगळं कळायचं ते माझ्या बायकोला, कारण मावशी म्हणजे काही भांडणातली पार्टी नव्हे. बापलेकीत मात्र एक शब्द नाही. वर्षं गेली. दाभण शेजारच्या लोकांना सांगायचा, “मला मूलबाळ नाही.” शेजारच्यांनी ती पोर अंगाखांद्यावर खेळवलेली! ते बिचारे मान डोलवायचे.

मग त्याचा अंगठा गेला. म्हणजे जागेवर होता, पण बधिर. सुई धरली तरी धरल्याचं कळेना. एकदा सुई आरपार गेली आणि रेक्झीनवर रक्त दिसलं तेव्हा ह्याला समजलं. काम हळूहळू सुटलं. त्यानंतर एका सकाळी हे महाशय आमच्या घरी हजर, हातात सहलीचं रंगीत माहितीपत्रक.

“साडू, समुद्र बघायला जाऊ या.”

मी हातातला कप खाली ठेवला. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नाची वरातसुद्धा ‘पाय आहेत ना’ म्हणून पायी काढली, तो हा!

“तू? सहलीला?”

“का? सीट काय मी फक्त दुसऱ्यांच्या बुडासाठी शिवल्या?”

मी हसत सुटलो. माझी बायको हसली नाही. तिनं माहितीपत्रक ओढून घेतलं, बोट फिरवत खाली गेली आणि शेवटाकडे थांबली. परतीच्या आदल्या दिवशी, दुपारचं जेवण, बंदराचा चौक. तिनं दाभणाकडे पाहिलं. दाभण छताकडे बघत होता.

“दार तिचंही नाही, तुमचंही नाही,” बायको म्हणाली. “चौक आहे. शपथ मोडत नाही. असंच ना, भाऊजी?”

“मी तसं काही म्हटलेलं नाही,” दाभण म्हणाला, आणि त्याचा कान लाल झाला.

तर असा हा सहलीचा मतलब. बायकोनं फोन केला. पोरीचा निरोप आला: ‘त्या दिवशी रजा घेते. लेकीला घेऊन चौकात येते. बसच्या दारापाशीच उभी राहीन. त्यांना म्हणावं, पहिले उतरा, मागे रेंगाळू नका.’

हा निरोप दाभणानं माझ्या बायकोकडून तीनदा वदवून घेतला. ‘पहिले उतरा’ म्हणाली की ‘लवकर उतरा’ म्हणाली, असल्या चौकशा. मग घरी जाऊन त्या बधिर अंगठ्यानं नातीसाठी एक गादी शिवली. पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसेल एवढीशी, पिवळ्या रेक्झीनची. किती वेळ लागला त्याला माहीत. कोपऱ्यांना थोड्या चुण्या होत्या. खाली लाल टाका.

निघायच्या सकाळी आम्ही दोघं साडू डेपोत गेलो तर सहल कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दोन्ही निळ्या आणि धुतलेल्या. आमच्या जागा पहिल्या गाडीत होत्या. मी पिशव्या चढवल्या, बसलो, मागं बघतो तर दाभण नाही. तो दुसऱ्या गाडीत शिरून सीटांखाली हात घालत होता. गुडघ्यांवर! एक आजोबा माणूस सीटांखाली चाचपतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, ह्याची कवळी हरवली.

“साडू!” आतून हाक आली. “ही माझी गाडी! लाल टाका! सगळ्या सीटा माझ्या! अरे, ह्यांचे कोपरे तर पोरीनं वळवलेले आहेत, बघ, चुणी नाही!”

गाईड म्हणून एक तरतरीत बाई होती. तिनं विचारलं, “काय झालं, आजोबा?”

“मला ह्या गाडीत बसायचंय. त्या गाडीच्या सीटा कुणी ठोंब्यानं केल्यात. तिथं बसलो तर माझी पाठ मला शिव्या घालील.”

गाईडबाई हसली. एक नवरा-बायकोची जोडी जागा बदलायला लगेच तयार झाली. फार गोड माणसं. “बसा हो, बसा, स्वतः शिवलेल्या सीटवर बसायचं भाग्य कुणाला मिळतं?” असं म्हणत आपल्या पिशव्या घेऊन पलीकडे गेली. दाभणानं एवढंच विचारलं, “दोन्ही गाड्या तेच सगळं दाखवतात ना?”

“अगदी तेच, आजोबा. एक थांबा इकडचा तिकडं नाही.”

ती खोटं बोलली नाही. ह्यानं विचारलं नाही ते तिनं सांगितलं नाही.

गाडी हलली. दाभणानं डोळे मिटले. इतक्या वर्षांनी त्याची सीट त्याला घेऊन चालली होती. थोड्या वेळानं मी विचारलं, “पाठ काय म्हणते?”

“गप,” तो म्हणाला, पण ओठांचं एक टोक वर गेलं होतं. तेवढं त्याचं हसू मी त्या सबंध सहलीत पाहिलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी समुद्र आला. आमच्या गावच्या शाळेत एकच नकाशा होता आणि त्यातला समुद्र उंदरांनी खाल्लेला, त्यामुळे मास्तर भिंतीकडे बोट करून म्हणायचे, “इथून पुढे पाणी समजा.” तेव्हापासून समुद्र म्हटलं की मला ती भिंतच दिसायची. आणि इथं बघतो तर केवढं ते! कड्यांच्या खाली पांढरा फेस, वर सोन्याचा पत्रा ठोकून बसवल्यासारखं पाणी. मी तर लहान पोरासारखा खिडकीला नाक लावून बसलो. मागच्या सीटवर एक बाई होत्या, त्यांच्याजवळ इतक्या पिशव्या की आम्ही त्यांना पिशवीबाई म्हणायला लागलो होतो. त्या म्हणाल्या, “अहो, थोडं सरका, समुद्र सगळ्यांचा आहे.”

तेवढ्यात गाईडबाईनं माईक घेतला. “मंडळी, आज आराम करा. उद्या दुपारचं जेवण बंदराच्या चौकात. तिथली मासळी चुकवू नका.”

दाभणानं माझं मनगट धरलं.

“उद्या? बंदर शेवटी आहे. परतीच्या आदल्या दिवशी.”

मी गाईडबाईला बोलावलं. तिनं सहज सांगितलं, “ती सुलटी फेरी, काका. तुमची आधीची गाडी. ही उलटी फेरी. दोन गाड्या एकाच दिवशी एकाच बाजूनं गेल्या तर हॉटेलं पुरत नाहीत, म्हणून एक इकडून आणि एक तिकडून. पत्रकात सुलटीच छापतात. बघायचं सगळं तेच असतं हो, नुसता क्रम बदलतो.”

दाभण सीटच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिला.

मी म्हटलं, “आत्ता बायकोला फोन लावतो. पोरीला उद्याचं कळवू दे.”

“नाही.”

“अरे, पण...”

“काय सांगशील? बापाला गाडीत नीट बसतासुद्धा आलं नाही? तू फोन केलास तर मी इथं उतरून चालत घरी जाईन.”

गेला असता, म्हणून मी फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदराच्या चौकात गाडी थांबली. दाभण पहिला उतरला. ठरल्याप्रमाणे. दारापाशी उभा राहून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. चौकात होड्यांची जाळी वाळत होती, कावळे होते, एक माणूस टायर धुत होता. तिथं कुणी असणार कसं? ती त्या वेळी कारखान्यात होती. कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, कपाटात ठेवून घेतात. ती रजा घेणार होती ती परतीच्या आदल्या दिवसाची.

“घर दोन गल्ल्या पलीकडे आहे,” मी म्हटलं. “बायकोनं मला खुणा सांगून ठेवल्यात. नुसतं बघून येऊ.”

तो चालायला लागला. उतरती गल्ली, दोन्ही बाजूंना ठेंगणी घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. एका निळ्या दारापाशी मी थांबलो. दार उघडं होतं. ओट्यावर एक जुनी लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर बसून पाच-सहा वर्षांची एक पोर पायानं जमीन उकरत होती. खुर्चीची बैठक नव्यानं शिवलेली. कोपऱ्याला एकही चुणी नाही.

दाभण खाली बसला. पोरीकडे न बघता त्यानं बैठकीखाली हात घातला आणि चाचपलं. मला वाकून बघायची गरज पडली नाही, त्याच्या तोंडावरूनच कळलं. लाल टाका होता.

“काय शोधता, आजोबा?” पोर म्हणाली.

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हनुवटी अगदी माझ्या मेहुणीची.

“खुर्ची कुणी शिवली गं?”

“आईनं. आई सगळं शिवते. तुम्हाला शिवायचंय काही?”

आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. जावयाची आई असणार. “कोण आलंय गं? आत या म्हणावं.”

आत या म्हणावं! दार सताड उघडं, आतून बोलावणं, समोर नात, बगलेतल्या पिशवीत तिची गादी. मी त्याच्या कोपराला धक्का दिला. “जा. अरे, जा की. शपथ मी माझ्या डोक्यावर घेतो.”

त्याचा पाय उचलला गेला, मी पाहिला. उंबऱ्याच्या अलीकडे अधांतरी थांबला आणि परत खाली आला.

“कुणी नाही,” तो आत ऐकू जाईल असं म्हणाला. “रस्ता चुकलो.”

आणि माघारी फिरला. चौकात आल्यावर मी मात्र तोंड सोडलं. “तू माणूस आहेस की लोखंडी सांगाडा? निदान ती गादी तरी द्यायचीस पोरीला!”

“तिच्या आईच्या समोर देईन. ठरल्या दिवशी. चौकात. जसं ठरलंय तसं.”

“कसा येणार आहेस ठरल्या दिवशी? उडत?”

ह्यावर उपाय काढला तो गाईडबाईनं. मी तिला थोडक्यात सगळं सांगितलं, तर तिचे डोळेच भरले. म्हणाली, “मधे दीपगृहाच्या थांब्यावर दोन्ही गाड्या चहाला एकत्र असतात. मी त्या जोडीला विचारते. परत जागा बदला आणि सुलटीनं जा. अगदी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी बंदरात.” तिनं फोन लावला, ती गोड जोडी ‘हो हो, का नाही?’ म्हणाली. झालं! मला वाटलं, देवानं गाडी रुळावर आणली. दाभण गाडीत जरा सैल बसायला लागला. पिशवीबाईंनी दिलेलं बिस्कीटसुद्धा खाल्लं.

दीपगृहाच्या दिवशी तो सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. गाडी हॉटेलातून सुटून बरीच पुढे आली आणि मागून किंकाळी. पिशवीबाई!

“माझी कवळी! ग्लासात राहिली!”

सगळी गाडी हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? बाई रडकुंडीला आलेल्या, तोंडावर पदर. दातांवाचून पुढची सहल कशी करणार? ड्रायव्हरनं गाडी वळवली. कवळी मिळाली. टाळ्या झाल्या. दाभण तेवढा टाळ्या वाजवत नव्हता. तो ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभा होता.

दीपगृहाच्या अलीकडे कड्यातून कोरलेला अरुंद रस्ता आहे. दोन मोठी वाहनं एका वेळी जाऊच शकत नाहीत. म्हणून दोन्ही टोकांना फाटक. थोडा वेळ इकडच्या गाड्या सोडतात, थोडा वेळ तिकडच्या. पाळी चुकली की बसा. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा ते नुकतंच पडलं होतं. तिकडच्या गाड्या सोडलेल्या. फोन लावावा तर त्या खबदाडात कुणाच्याच फोनला रेंज नाही. गाईडबाई फोन उंच धरून रस्त्यावर उड्या मारत होती.

“थांबतील ते आपल्यासाठी,” मी म्हटलं.

“त्यांची पाळी चुकली तर त्यांची सगळी सहल कोलमडते,” ड्रायव्हर म्हणाला. “नाही थांबणार.”

दाभण खाली उतरला. फाटकाच्या शेजारी, पिशवी छातीशी धरून उभा राहिला. एकामागून एक गाड्या बोगद्यातून निघाव्यात तशा येत होत्या. ट्रक, छोट्या गाड्या, पुन्हा ट्रक. फाटकवाला शिट्टी फुंकून सगळ्यांना पुढे काढत होता, कारण मागं रांग होती. आणि मग ती निळी गाडी आली.

दाभणानं हात वर केला. मग दोन्ही हात. “थांबवा! अहो, थांबवा! मी तुमच्या गाडीतला!”

ड्रायव्हर लोकांत एक पद्धत असते, आपल्या कंपनीची गाडी समोरून आली की हॉर्न द्यायचा. आमच्या ड्रायव्हरनं थांबवण्यासाठी हॉर्न दिला. समोरच्यानं आपला सलाम म्हणून दिला. खिडकीत ती गोड जोडी बसली होती. आमची वाट बघून बघून, ह्यांचा बेत बदलला असेल असं त्यांना वाटलं असावं. दाभण हात हलवतोय बघून त्यांनीही हात हलवले. हसले. बाईनं तर रुमाल काढला. फाटकवाल्यानं दाभणाला दंडाला धरून मागं ओढलं आणि गाडी वळणाआड गेली.

तो तसाच हात वर करून उभा होता. मी जाऊन त्याचा हात खाली आणला.

रेंज आली ती पुढच्या गावात. गाईडबाई म्हणाली, इथून साध्या बसनं मागं जाता येईल, दोन-तीन ठिकाणी बदलावी लागेल, पण ठरल्या दिवशी पोचाल. आणि दाभण म्हणाला, “जाऊ.” शपथ नाही, नाक नाही, काही नाही. “साडू, लाव तुझ्या बायकोला फोन. सांग तिला, मी सहलीच्या गाडीतून नाही, साध्या बसनं येतोय. सगळं सांग. मी कसा मूर्ख ते पण सांग.”

मी फोन लावला. बायको माझं पुरतं ऐकेचना.

“अहो, कुठं होतात? सकाळपासून लावतेय! तिचा फोन आला होता. भाऊजी तिच्या दाराशी जाऊन आले?”

मी दाभणाकडे पाहिलं. फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू येत होतं.

“छोटीनं संध्याकाळी तिच्या आईला सांगितलं. एक उंच आजोबा आले, खुर्चीखाली हात घालून बघितलं, आजीनं आत बोलावलं तर ‘कुणी नाही’ म्हणून गेले. तिला कळलंच. म्हणाली, ‘मावशी, मी घरात नसताना येऊन ते फक्त टाका बघून गेले. शिवण कशी आहे ते तपासलं. माणसं नाही बघितली. आता चौकात कशाला उभी राहू? सांग त्यांना, येऊ नका.’”

“अगं, पण तसं नाहीये...”

“मला सांगून काय उपयोग? ती फोनच उचलत नाही आता.”

साधी बस समोर उभी होती. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. दाभणानं पिशवी उचलली, दोन पावलं त्या बसकडे टाकली, आणि मग वळून आमच्या निळ्या गाडीत चढून आपल्या सीटवर जाऊन बसला. मी खूप बोललो. ओढलंसुद्धा. तो एवढंच म्हणाला, “येऊ नका म्हणालीय. माझीच मुलगी आहे. ती शब्द फिरवत नाही.”

पुढे किती सुंदर जागा पाहिल्या म्हणून सांगू! पाण्यात उभे खडक, शंखांचा किनारा, सूर्य बुडताना हिरवी होणारी लाट. मी पाहिल्या. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, पण काच पाहत होता की पाणी, देव जाणे. ठरल्या दिवशी दुपारी आम्ही एका टेकडीवरच्या बागेत होतो. त्यानं मला विचारलं, “आता ती गाडी चौकात पोचली असेल ना?” मी हो म्हटलं. त्यानं जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

शेवटच्या दिवशी दोन्ही गाड्या डेपोत पाठोपाठ शिरल्या. ती गोड जोडी आम्हाला बघून धावतच आली. उन्हानं नाक लाल, गळ्यात शंखांच्या माळा.

“अहो काका! त्या फाटकापाशी काय छान हात केलात! आणि हो, तुमची चौकशी करत होत्या हं एक बाई. बंदराच्या चौकात. आमचं दार उघडलं तर समोरच उभ्या. हात धरून एक छोटी मुलगी. सगळे उतरेपर्यंत हलल्या नाहीत. मग गाडीत चढून मागच्या सीटपर्यंत बघून आल्या.”

दाभणानं गाडीच्या पत्र्याला हात टेकला.

“तुम्ही काय सांगितलं त्यांना?” मीच विचारलं.

“सांगितलं ना सगळं!” बाई आनंदानं म्हणाल्या. “म्हटलं, ते उंच काका ना, ते तर पहिल्या दिवशीच दुसऱ्या गाडीत गेले. त्यांना स्वतःच्या हातानं शिवलेल्या सीटाच हव्या होत्या! काय हौशी माणूस, म्हटलं.”

“मग?”

“त्या हसल्या. म्हणाल्या, ‘हो, तसेच आहेत ते.’ मुलीला उचललं आणि गेल्या. कोण हो त्या? ओळखीच्या?”

दाभणानं मान आडवी हलवली, तोंडात दोरा असल्यासारखी. आणि फाटकाच्या दिशेनं चालायला लागला. मी दोघांच्या पिशव्या सावरत मागं पळतोय तोच गाईडबाई धावत आली, हातात ती पिवळी गादी.

“आजोबा! ही सीटवर राहिली तुमची!”

तो थांबला. गादी उलटी करून त्यानं खालचा लाल टाका बघितला, बधिर अंगठा त्याच्यावरून एकदा फिरवला आणि ती परत तिच्या हातात दिली.

“माझी नाही,” तो म्हणाला. “गाडीचीच आहे.”